पाऊण इंची पटाशी

"तेहतीस," दौलत म्हणाला.

"नीट मोज."

त्यानं फळीच्या डाव्या कोपऱ्यापासून पुन्हा बोट फिरवलं. करवती, रंधे, हातोड्या, गुण्या, कानशी. शेवटच्या ओळीत लाकूड कोरायच्या पटाश्यांपाशी बोट थांबलं.

"तेहतीसच हायत, मास्तर. पाऊण इंची न्हाय."

मुलांच्या त्या गृहात, म्हणजे गावाच्या भाषेत रिमांड होममध्ये, मी सुतारकाम शिकवत होतो. एकोणीस वर्षं झाली होती. कुणी चोरीत सापडलेला, कुणी मारामारीत, अशी कायद्यानं पाठवलेली पोरं, आणि त्यांच्या हातात मी करवती नि पटाश्या द्यायचो. म्हणून ती फळी होती. पांढरा रंग दिलेली प्लायवूडची फळी, तिच्यावर चौतीस खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली त्या त्या हत्याराची आकृती मी स्वतः काळ्या ऑइलपेंटनं काढलेली. पोरं त्यांना सावल्या म्हणायची. संध्याकाळी पाच वाजता प्रत्येक हत्यार आपापल्या सावलीवर टांगायचं, एका पोरानं मोठ्यानं मोजायचं, आणि आकडा चौतीस आला की मगच शिपायानं दार उघडायचं. एकोणीस वर्षांत पाच अधीक्षक बदलले, पण आकडा चुकला नव्हता. बढाई मारतोय असं वाटेल. मारतोयच, पण खरी आहे.

त्या सोमवारी पाऊण इंचीची सावली रिकामी होती.

बंडगर शिपायानं अकरा पोरांना भिंतीशी उभं केलं. खिसे झाले, बनियनी झाल्या, चपला उलट्या करून झाल्या. भुशाचा ढीग उपसला. पटाशी नाही. अधीक्षक इनामदारसाहेब ऑफिसातून पळतच आले.

"शेवटी कुणाच्या हातात होती?"

दौलत माझ्याकडे बघत होता. त्याचं ते शांत बघणंच मला त्या दिवसांत सहन होत नव्हतं.

"दौलतच्या," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. सकाळपासून त्या पटाशीनं तोच काम करत होता. साहेबांचा चेहरा उतरला, कारण दुसऱ्या दिवशी बाल न्याय मंडळाची बैठक होती आणि दौलतला मुदतीच्या वर्षभर आधी घरी सोडायचं की नाही हे त्याच बैठकीत ठरायचं होतं.

"दौलत, कुठंय पटाशी?"

"माझ्याकडं न्हाय, सर."

"मग कुणाकडंय?"

त्यानं पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्याला त्या रात्री वेगळ्या खोलीत ठेवायचं ठरलं.

दौलत खिलारे आमच्याकडे आला तेव्हा चौदा वर्षांचा होता. गावच्या जत्रेत, ऑर्केस्ट्रापुढं बसायच्या जागेवरून भांडण झालं आणि यानं ऊसतोडीचा कोयता चालवला. समोरच्या पोराची दोन बोटं गेली. पहिले तीन महिने हा कुणाशी बोललाच नाही. मी त्याच्या हातात रंधा दिला आणि म्हटलं, "ढकलू नको, त्याचा त्याला जाऊ दे." आठव्या दिवशी सागवानाची लांबच्या लांब, अखंड साल निघाली, ती त्यानं उजेडात धरून बघितली आणि हसला. तो दिवस मी विसरलेलो नाही. माझा स्वतःचा मुलगा नंदू मोबाइलच्या दुकानात बसायचा आणि भुशानं शिंका येतात म्हणून शेडकडे फिरकायचा नाही. माझ्या बापाची हत्यारं माझ्यामागं कुणाच्या हातात जाणार, ते मी मनात ठरवून टाकलं होतं. अठरा पुरी झाली की दौलतला घरामागच्या शेडमध्ये आणायचं, दोघांनी मिळून दारं-खिडक्यांची कामं घ्यायची. हे मी बायकोला सांगितलं होतं. दौलतला सांगायचं राहिलं होतं.

आणि मग भोरेबाई आल्या.

रोहिणी भोरे, समुपदेशक, वय सत्तावीस. येणं स्कूटीवरून, बोलणं हळू. पंधरा दिवसांत पोरं तिला ताई म्हणायला लागली. मला एकोणीस वर्षांत एकानंही काका म्हटलं नव्हतं.

तिचं काम काय, तर बुधवारी आणि शनिवारी माझ्याच तासातली आठ पोरं उठवायची, खुर्च्या गोल मांडायच्या आणि बोलायचं. एकानं दुसऱ्याला चिडवायचं, दुसऱ्यानं हात न उचलता उभं राहायचं, असला सराव घ्यायची. मग एकेकानं आपला गुन्हा सांगायचा. तिचा प्रश्न ठरलेला असायचा: "थांबता आलं असतं अशी पहिली जागा कुठली?" आणि नियमही ठरलेला. दुसऱ्यानं काय केलं ते बोलायचं नाही. ज्याचं त्यानं सांगायचं.

"त्यानं आईवरनं शिवी दिली म्हणून मी..." एखादा सुरू करायचा.

"ते त्याचं झालं. तुझं सांग."

माझ्या वर्कशॉपची खिडकी नेमकी त्या खोलीसमोर. हे सगळं मला रंधा मारता मारता ऐकू यायचं. "बंडगर, तुम्ही आता घरी बसा," मी म्हणायचो. "खुर्च्या मांडल्या की पोरं सुधारतात म्हणे." बंडगर हसायचा. मला हसू येत नव्हतं.

एवढ्यावर थांबली असती तरी मी गिळलं असतं. पण एक दिवस ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मास्तर, इथून सुटून गेलेल्या मुलांचे पत्ते तुमच्या वहीत आहेत म्हणतात. मिळतील?" मी मोठ्या कौतुकानं दिले. मला वाटलं, माझी पोरं कुठं कुठं कामाला लागलीत ते हिला कळेल. चार महिने ती फोन करत होती, रविवारी एस.टी.नं गावोगाव जात होती. मग साहेबांनी मीटिंग बोलावली आणि तिनं रजिस्टर उघडलं.

"पाच वर्षांत एकसष्ट मुलं बाहेर गेली. त्यातली अठ्ठावीस पुन्हा पकडली गेली. सुतारकाम करणारी सात."

"म्हणजे माझं काम फुकट गेलं, असंच ना?" मी म्हणालो.

"नाही, मास्तर. हाताला काम मिळालं. पण राग आला की तोच हात कुठं जातो, हे आपण कुणी शिकवलं नव्हतं."

"आणि तुमच्या खुर्च्या शिकवतात?"

"माहीत नाही अजून. दुसरीकडं मोजून बघितलंय, तिथं फरक पडलाय. इथं मी पाच वर्षं मोजणार. नाही पडला तर खुर्च्या मीच उचलून ठेवीन."

नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि जास्त झोंबलं ते हे की बाई सरळ बोलत होती. घमेंडीत बोलली असती तर मला तिच्या नावानं सुखानं बोटं मोडता आली असती.

दौलत बुधवार-शनिवारची वाट बघायला लागला. पाच मिनिटं आधीच हातातलं काम ठेवायचा, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचा. माझ्या तासाला येताना त्यानं कधी हात धुतले नव्हते. धुवायचं कारणही नव्हतं, पण मला ते सलायचं. एकदा न राहवून विचारलं, "काय बोलता रे एवढं तिथं?"

"ज्येचं त्येचं असतंय, मास्तर."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. दोन वर्षं ज्याला मी हाताला धरून शिकवलं, त्यानं मला दाराबाहेर उभं करावं!

तिचा आणखी एक कागद होता. सुटणाऱ्या प्रत्येक मुलाचा असा कागद व्हायचा आणि त्यात एक रकाना असायचा: घराबाहेरचा विश्वासाचा मोठा माणूस. बाहेर काही बिनसलं तर मुलानं कुणाकडं जायचं, त्याचं नाव. दौलत कुणाचं नाव घालणार हे कळायला मला ज्योतिषी नको होता.

त्या सोमवारी दुपारी साहेबांनी मला सहज सांगितलं, "उद्या दौलतचा अर्ज आहे. भोरेबाईंनी सहा महिने खपून सगळं बसवलंय. विट्याला मामाकडं राहील, म्हणजे गावातल्या त्या टोळक्याचा संबंध नको. आई आणि मामा दोघांनाही बाई चार-पाचदा जाऊन भेटल्यात. आय.टी.आय.ला फिटरला घालायचा म्हणतायत."

"फिटरला?"

"तुम्हाला बोलला नाही का तो?"

नव्हता बोलला. मी साहेबांच्या केबिनमधून वर्कशॉपपर्यंत कसा आलो ते आठवत नाही. लाकूड मी आणलं, तासलं, घासलं, आणि ही आयत्या बिळावर नागोबा. त्या दुपारी मी दौलतशी एक शब्द बोललो नाही. आणि पाच वाजता आकडा तेहतीस आला.

घरी गेलो. बायकोनं, सुमननं, डबा काढायला माझी पिशवी उघडली.

"अहो, हे काय?"

चिंधीत गुंडाळलेली पाऊण इंची पटाशी.

तेव्हा मला सगळं आठवलं. गृहातला धारेचा दगड झिजून मधोमध खड्डा पडलेला. नवा मागून दोन वर्षं झाली होती. त्यामुळं बोथट झालेलं हत्यार मी घरी आणायचो, बापाच्या दगडावर धार लावायचो आणि सकाळी पोरं यायच्या आत टांगायचो. नियमात बसत नव्हतं. रिमांड होममधलं हत्यार दाराबाहेर नेणं नोकरीवर बेतण्यासारखं होतं. म्हणून मोजणी झाली, पोरं गेली, की मगच ते पिशवीत टाकायचं, ही माझी रीत. त्या दिवशी मी साहेबांकडून तणतणत आलो तेव्हा दौलत पटाशी घेऊन पुढं आला होता. "मास्तर, हिची धार गेलीया." मी त्याच्या तोंडाकडंही बघितलं नाही. घेतली, गुंडाळली, पिशवीत कोंबली. भर दुपारी, मोजणीच्या आधी, आणि मग रागाच्या भरात विसरून गेलो.

म्हणजे पाच वाजता पटाशी कुठं आहे ते दौलतला माहीत होतं.

"साहेबांना फोन करा," सुमन म्हणाली.

"सकाळी गेल्या गेल्या सांगतो."

"सकाळी का? ते पोरगं तिकडं कोंडलंय ना?"

"जेवून करतो."

जेवलो. मग शेडमध्ये दगड घेऊन बसलो. हातात आलेल्या पटाशीवर आधी अंगठा फिरवून बघायचं, ही बापानं लावलेली सवय. फिरवला. धार तशी बरी होती. चार हात फिरवले तेवढ्यात लखलखली. तरी मी घासतच बसलो. फोन खिशात होता.

सुमन दारात येऊन उभी राहिली. "त्या बाईनं एवढं काय नेलंय हो तुमचं?"

"माझं पोरगं नेलं."

"ते आपलं कधी होतं?" ती म्हणाली आणि आत गेली.

मी फोन केला नाही.

मंगळवारी नऊलाच पोचलो. पिशवी खांद्याला, आत पटाशी. सांगायचं असं ठरवूनच निघालो होतो. पाय साहेबांच्या केबिनकडंच चालले होते. व्हरांड्यात दौलत आणि भोरेबाई उभे होते. त्याच्या अंगात नवा निळा शर्ट. ती त्याला म्हणत होती, "जे खरं आहे तेवढंच बोल. जास्त नाही, कमी नाही." आणि वर काहीतरी पुटपुटली, त्यावर तो हसला. रात्रभर कोंडलेलं पोरगं तिच्या एका वाक्यावर हसत होतं. शर्टसुद्धा हिनंच आणला असणार, मला वाटलं. तो मामानं आणला होता हे नंतर कळलं. साहेबांच्या दाराला लावलेला हात मी काढून घेतला आणि वर्कशॉपकडं वळलो.

अकराला बैठक सुरू झाली. मधोमध न्यायाधीश देशमाने मॅडम, दोन्ही बाजूंना मंडळाचे दोन सदस्य. एका बाकावर दौलतची आई आणि मामा. मी भिंतीकडच्या खुर्चीत, पिशवी दोन पायांच्या मध्ये. चोराच्या मनात चांदणं; मला वाटत होतं की पिशवीचं कापड पातळ आहे आणि सगळ्यांना आतलं दिसतंय.

भोरेबाईंनी सगळं मांडलं. सहा महिन्यांत दौलतचं एकही भांडण नाही. तीनदा त्याला कुणीतरी डिवचलं, तिन्ही वेळा तो उठून बाजूला गेला, तारखा होत्या. मॅडमनी ऐकून घेतलं आणि साहेबांच्या कालच्या अहवालावर बोट ठेवलं.

"पटाशी कुठं आहे, दौलत?"

"माझ्याकडं न्हाय, मॅडम."

"कुणाकडं आहे ते माहीत आहे?"

"व्हय."

बाकावर त्याची आई ताठ झाली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग सांग."

"ते माझं न्हाय, मॅडम. ज्येचं त्येनं सांगायचं असतंय."

"ही काय भाषा? एका धारदार हत्याराचा प्रश्न आहे. कोयत्यानं एकाची बोटं गेलीत, विसरलास?"

"न्हाय मॅडम. रोज आठवतंय."

भोरेबाई काहीतरी बोलायला पुढं झाल्या आणि त्याच्याकडं बघून थांबल्या. दौलतनं माझ्याकडं बघितलं नाही. त्या आख्ख्या बैठकीत त्यानं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या असत्या.

मॅडमनी कागद उलटला. "विश्वासाचा मोठा माणूस. रघुनाथ पांचाळ." चष्म्यावरून वर बघितलं. "हे कोण?"

मला क्षणभर कळलंच नाही की हे माझं नाव आहे. मी उठलो. पायाचा धक्का लागून पिशवी कलंडली आणि पटाशीची मूठ फरशीवर टक् वाजली. कुणाचं लक्ष गेलं नाही. दौलतची मान तेवढी थोडी हलली.

"बाहेर अडचण आली तर हा मुलगा तुमच्याकडं येईल, असं इथं लिहिलंय. तुम्ही याची खात्री देता?"

आदल्या संध्याकाळी ते एका फोनचं काम होतं. सकाळी थोडं अवघड झालं होतं. आता पिशवी उघडायची म्हणजे साहेबांपुढं, बंडगरपुढं, त्या बाईपुढं उघडायची. मला नोकरी दिसली. खरं सांगायचं तर नोकरीच्याही आधी मला त्या बाईचा चेहरा दिसला.

"पटाशी सापडल्याशिवाय कसं सांगू, मॅडम?" मी म्हणालो.

तीन महिन्यांनंतरची तारीख पडली. दौलतची आई रडली नाही, ती मामाला एवढंच म्हणाली, "चल, दीडची गाडी हाय." जाताना तिनं मला हात जोडले, पोराचा मास्तर म्हणून.

दुपारी मी पटाशी शोधून काढली. फळ्यांच्या थप्पीमागं पडली होती, असं साहेबांना सांगितलं. साहेब वैतागले, पण तारीख ती तारीख, आणि 'माहीत आहे, सांगणार नाही' हे दौलतचं बोलणं कागदावर चढलेलं. संध्याकाळी त्यानंच मोजलं.

"चौतीस," तो म्हणाला.

मला हवं होतं तेच झालं. पोरगं माझ्याकडं राहिलं. रोज सकाळी यायचं, सांगेल ते करायचं, पाचला मोजायचं. "व्हय, मास्तर," "न्हाय, मास्तर," याच्या पलीकडं एक शब्द नाही. रागानं नव्हे, माझ्याशी बोलण्यासारखं त्याच्याजवळ काही उरलंच नव्हतं. तो शिवी देईल, हातोडी आपटेल, म्हणून मी वाट बघायचो. त्यानं त्या तीन महिन्यांत एक लहानसं स्टूल केलं. सांधे असे बसवले की नख जाणार नाही. मी नुसतं "बरं झालंय" म्हणालो.

आणि बुधवारी समोरच्या खोलीत एक नवी गोष्ट सुरू झाली. बाईंची सोडून, पोरं आठ आणि खुर्च्या नऊ. मला वाटलं, नवीन पोरगं आलं असेल. शनिवारीही नऊ. नववी खुर्ची रिकामी, माझ्या खिडकीकडं तोंड करून. दौलतनं ताईला एक अक्षर सांगितलं नव्हतं. ती आजही शपथ घेऊन सांगते. पण आंधळी नव्हती ती. मला वर्कशॉपच्या दारात भेटली की पहिल्यासारखंच "नमस्कार मास्तर" म्हणायची. कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर मी त्या खुर्चीकडं पाठ करून आणखी दहा वर्षं काढली असती.

तारखेच्या आधीच्या शनिवारी मी नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि त्या खोलीत जाऊन बसलो.

पुढचं आधी सांगून टाकतो. मंगळवारी मी मंडळापुढंही तेच सांगितलं. मला मेमो मिळाला, वर्कशॉपची किल्ली वर्षभर बंडगरकडं गेली. त्याच आठवड्यात गृहात नवा धारेचा दगड आला, हेही सांगायला हवं. दौलत विट्याला गेला. आज तो एका कारखान्यात फिटर आहे, सुतारकाम करत नाही. माझं शेड माझ्यानंतर बंदच पडणार. वर्षातून दोनदा फोन करतो. भोरेबाईंनी म्हटल्याप्रमाणं पाच वर्षं मोजलं. खुर्च्यांतून उठून बाहेर गेलेली मुलं चव्वेचाळीस, परत आलेली नऊ. ती बेरीज मी स्वतः दोनदा करून बघितली, कुठं चुकली असेल या आशेनं. चुकली नव्हती. दौलतच्या ओळीत 'पुन्हा पकडला?' या रकान्यात दहा सहामाह्या, दहाही वेळा 'नाही'.

तर त्या शनिवारी. आठ पोरं, आठांचे डोळे माझ्यावर. मी सांगितलं. पिशवी, चिंधी, फोन, व्हरांडा, सगळं. कुणी हसलं नाही. एकमेकांकडं बघितलंसुद्धा नाही कुणी. असलं ऐकायची सवय होती त्यांना.

"थांबता आलं असतं अशी पहिली जागा कुठली, मास्तर?" भोरेबाईंनी विचारलं. पोरांना विचारायची त्याच आवाजात.

"मंडळापुढं."

"त्याच्या आधी?"

"सकाळी. व्हरांड्यात."

"त्याच्या आधी?"

"घरी. बायको म्हणत होती फोन करा."

"त्याच्याही आधी?"

"पटाशी पिशवीत आहे हे कळायच्याही आधी... साहेबांनी विचारलं तेव्हा. दौलतचं नाव मी जरा लवकरच घेतलं."

"ही पहिली?"

"हो. हीच पहिली."

"न्हाय," दौलत म्हणाला.

भोरेबाई त्याच्याकडं वळल्या. "दौलत, नियम..."

"माझंच सांगतुया, ताई." तो मांडीवरच्या हातांकडं बघत होता. "त्या दुपारी मी मास्तरांकडं पटाशी घिऊन ग्येलो. धार गेलीया म्हनलो. धार गेली नव्हती. मला त्यास्नी सांगायचं हुतं, उद्या माझा अर्ज हाय, आन् कागदावर तुमचं नाव घातलंय, चालंल का. कसं सुरू करावं कळंना म्हनून पटाशी न्हेली. ते बघतील, अंगठा फिरवतील, म्हनतील, गाढवा, धार तर हाय. मग मी सांगीन." तो थांबला. "त्यांनी बघितलंच न्हाय. मी दिली आन् माघारी फिरलो. तितं मी बोलाया पायजे हुतं."

समोर खिडकीतून माझी फळी दिसत होती, चौतीसच्या चौतीस हत्यारं टांगलेली.

एकोणीस वर्षांत हातात आलेल्या प्रत्येक पटाशीवर मी अंगठा फिरवून बघितला होता. त्या दुपारची तेवढी राहिली.